तारेची इंग्रजी

त्या माणसाचं वाटोळं व्हावं, असं मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून मनात म्हणत आले होते. रविवारी आमच्या घरी प्रार्थना व्हायची. बाप डोळे मिटून म्हणायचा, आमचं वाईट करणाऱ्यांना क्षमा कर. मी पण डोळे मिटायचे आणि मास्तराचा चेहरा समोर आणून म्हणायचे, याला सोडून.

आम्ही कोकणी. म्हणजे समुद्राकाठचे नव्हेत, चिंचपाड्याच्या अलीकडच्या डोंगरातले. बाप आपलं एवढंसं रान कसायचा आणि उन्हाळ्यात रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायला जायचा. घरात बोलणं आमच्या कोकणीतच. मराठी ही शाळेत गेल्यावर भेटलेली भाषा. शाळेत हा मास्तर होता. पुण्याकडून आलेला, कोट घालणारा, नाकात बोलणारा. माझ्या तोंडून घरचा शब्द निसटला की तो खडू खाली ठेवायचा आणि अगदी शांतपणे म्हणायचा, "तोंड घाण झालं. जा, चूळ भरून ये."

पाण्याच्या मडक्याला आम्ही हात लावायचा नाही. शिपाई वरून पाणी ओतायचा, मी ओंजळ धरायची, आणि सगळा वर्ग खिडकीतून बघायचा. एका दिवशी मला पाच वेळा पाठवलं. पाचव्या वेळी शिपाई हळूच म्हणाला, "मास्तर येडा शे, पोर. पाणी पी ले." मी पाणी प्यायले, वर्गात आले आणि त्यानंतर दीड वर्ष शाळेत तोंड उघडलं नाही. मास्तरानं माझ्या नावापुढे लिहिलं, मंदबुद्धी.

पुढे मिशनच्या बायकांनी मला शिकवायला नेलं. मी इंग्रजी शिकले, मास्तरीण झाले. एकोणीसशे तीस सालानंतर नवापूरच्या व्यापाऱ्यांनी मिळून एक लहानशी इंग्रजी शाळा काढली. चार-पाच मुली येणार होत्या म्हणून त्यांना एक बाई हवी होती. हेडमास्तर कोण, हे विचारलं तेव्हा त्याच मास्तराचं नाव कळलं. मला तेव्हा सुरतेला याहून बरी नोकरी मिळत होती. मी नवापूरला आले. आईला बरोबर आणलं, स्टेशनजवळ दोन खोल्या घेतल्या. आईला वाटलं, मुलीला आपल्या मुलखाची ओढ लागली.

त्यानं मला ओळखलं नाही. "बाई, तुमचं मराठी चांगलं आहे हो," असं पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुमच्या लोकांत असं क्वचित आढळतं." मी म्हटलं, "चांगले मास्तर मिळाले." तो खूश झाला.

वर्षभर मी संधी बघत राहिले आणि काही सापडलं नाही. तो वेळेवर यायचा, व्याकरण पक्कं होतं, कमिटीतल्या शेठलोकांना तो हवा होता. गावात कुणाची इंग्रजी तार आली की ती वाचून घ्यायला सगळे त्याच्याकडेच जायचे. स्टेशनातला बाबू गाड्यांच्या गडबडीत असला की लोकांना त्याच्याकडेच पाठवायचा. व्यापारी माणसं, पागोटी घातलेली, त्याच्या ओट्यावर उभी राहायची. त्याचं जेवण होईपर्यंत, झोप होईपर्यंत.

दिवाळीनंतर एक मारवाडी माणूस आपल्या मुलीला घेऊन शाळेत आला. बाजारात त्याचं दुकान होतं. मीठ, गूळ, कापड विकायचा आणि डोंगरातून येणारी मोहाची फुलं न् चारोळी घ्यायचा. मुलगी दहाएक वर्षांची. डोक्यावरून ओढणी, पायांत चांदीची जाड कडी, आणि डोळे जमिनीवर. आठ दिवसांपूर्वी मारवाडातून आली होती. तिला ना मराठी येत होतं, ना गावातली अहिराणी.

बाप मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाईसा, म्हारै छोरो कोनी. इणनै अंगरेजी सिखाओ. तार वाचता यायला पाहिजे, बस." त्याला मुलगा नव्हता, म्हणून मुलीनं शिकायचं होतं.

मी विचारलं, एवढी घाई कशाची? तेव्हा त्यानं अर्ध्या मराठीत, अर्ध्या आपल्या बोलीत सांगितलं. भाद्रपदात त्याला गावाकडून तार आली होती. दुपारची वेळ. बाबू म्हणाला, हेडमास्तरांकडे जा. हेडमास्तर झोपले होते. आतूनच ओरडले, उद्या शाळेत या. हा रात्रभर तार उशाशी घेऊन पडला. त्याला वाटलं, मालाची असेल. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी वाचली. बायको आजारी, लगेच निघ. तोवर त्या दिवसाची गाडी गेली होती. तो चार दिवसांनी गावी पोहोचला. आदल्या दिवशीच तिला स्मशानात नेलं होतं.

"तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलणार? त्यांची झोपेची वेळ होती," तो म्हणाला. खरोखरच त्याच्या मनात राग नव्हता. त्याला घरात एक वाचणारं माणूस हवं होतं, इतकंच. राग माझ्याजवळ भरपूर होता. मी त्याच्या वाटचाही घेतला.

पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरानं मुलींच्या वर्गात येऊन तिला नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं आणि पुढं आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. बहुतेक, बसू का, असं. त्यानं खडू खाली ठेवला.

"तोंड घाण झालं. जा, चूळ भरून ये."

मी खिडकीशी उभी होते. इतक्या वर्षांत त्या माणसाला नवीन वाक्यसुद्धा सुचलं नव्हतं. मुलीला काही कळेना, तेव्हा दुसऱ्या मुलीनं तिला हाताला धरून बाहेर नेलं. ती परत आली ती गाल फुगवून. चूळ भरून ये म्हणाले, तर ती चूळ भरून आली होती. थुंकायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा कळूनही तिनं ते केलं नव्हतं. ती तशीच आपल्या जागेवर बसली. हेडमास्तर बघत राहिला. तास संपेपर्यंत तिनं पाणी तोंडात धरलं. मधूनच डोळ्यांत पाणी यायचं, पण ओठ मिटलेले. त्यानंतर ती शाळेत बोलेनाशी झाली. महिन्याभरात तिचं नाव पडलं, मुकी.

मी तिच्या बापाला सांगितलं, संध्याकाळी हिला माझ्या घरी पाठवा. ख्रिस्ती कोकणी बाईच्या घरी मुलगी पाठवायची म्हणजे त्याच्या जातीत बोलणं झालं असणार. दोन दिवस मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी दारात उभी. हातात स्वतःच्या पाण्याचा लहान लोटा आणि काखेत कापडात बांधलेला जुन्या तारांचा गठ्ठा. याच वाचायच्या आहेत तर याच शिकवा, असा बापाचा निरोप.

आधी मी पुस्तक उघडलं होतं. मांजर, चटई, टोपी. ती बघायची आणि गप्प बसायची. मग तारा उघडल्या. 'सॉल्ट वॅगन नॉट रीच्ड.' 'सेंड चारोली अर्ली.' 'रेट फॉलन स्टॉप बाइंग.' मी बोट ठेवून वाचायचे, ती ओठ हलवायची. तारेची इंग्रजी तिला आवडली. त्यात फालतू शब्दच नसतात. तिच्यासारखीच ती भाषा, लागेल तेवढं बोलणारी.

मी एक युक्ती केली. प्रत्येक गोष्टीला आधी तिनं तिचा शब्द सांगायचा, मग माझ्या आईनं कोकणीतला, मग मी इंग्रजीतला. आई कोपऱ्यात नागली, म्हणजे नाचणी, निवडत बसायची, तिला या खेळाची मजा वाटायची. चूल, वाट, बकरी, डोकं. मुलगी आईला काहीतरी मारवाडीत सांगायची, आई कोकणीत उत्तर द्यायची आणि दोघी हसायच्या. मला वाटलं, म्हातारी उगाच वेळ घालवते. मला मुलीची कोकणी नको होती. मला तिची इंग्रजी हवी होती आणि तीही फाल्गुनाच्या आत. कारण फाल्गुनात धुळ्याहून डेप्युटीसाहेब शाळा तपासायला येणार होते आणि त्यांच्या शेऱ्यावर शाळेची ग्रँट ठरणार होती.

हे लिहिताना मी स्वतःला चांगली म्हणवून घेणार नाही. एका संध्याकाळी तिचा गठ्ठा मी तिच्या आधी उघडला, त्यातून एक तार काढली आणि वर ठेवली. तिचा बाप ती तार निराळी ठेवायला विसरला होता. ती आली, बसली, बोट ठेवून वाचू लागली.

"वाइफ... सीरियस." थांबली. "स्टार्ट अॅट वन्स." वाइफ हा शब्द तिला येत होता, सीरियस मी सांगितला. खालचं गाव तिनं स्वतः वाचलं. मग तारखेचा शिक्का बघितला. तिला तारखा कळत होत्या.

मी वाट बघत होते. तिनं रडावं, चिडावं, त्या माणसाचं नाव घेऊन काही म्हणावं. मग मी तिला सांगणार होते की ही तार कुणी एक दिवस पडून राहू दिली. मी सांगितलंच. तिला समजेल अशा शब्दांत, सावकाश, झोपेसकट सगळं सांगितलं. आणि म्हटलं, "डेप्युटीसाहेब येतील तेव्हा हे तू इंग्रजीत सांगायचंस. मी वाक्य शिकवते."

तिनं तार घडी करून चोळीत ठेवली.

"ओ तार म्हारो है," ती म्हणाली.

माझी आई निवडायचं थांबली. तिला मारवाडी कळत नव्हतं, पण तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून पाणी आणायला गेले. त्या तारेविषयी नंतर मी बोलले नाही. ती पुढचे चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली ती थेट आईजवळ जाऊन बसली. पण आली. मी दुसरं वाक्य काढलं. माझं स्वतःचं. हेडमास्तर आमच्या भाषेला घाण म्हणतात आणि आम्हाला चूळ भरायला पाठवतात. हे लांबलचक वाक्य मी इंग्रजीत तिच्याकडून रोज म्हणवून घेतलं. ती म्हणायची, पण पोपटासारखी, माझ्याकडे न बघता.

तपासणीच्या आदल्या दिवशी हेडमास्तर मला म्हणाला, "बाई, ती मारवाड्याची मुकी उद्या घरीच राहू दे. साहेबांपुढे शोभा नको."

"बरं," मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः दुकानावर जाऊन तिला घेऊन आले. तपासणीसाठी सगळे एकाच वर्गात होते; तिला मधल्या बाकावर बसवली.

डेप्युटीसाहेब जाडे, घामेजलेले, पण माणूस सभ्य. मुलांनी पाठ केलेला धडा घडाघडा म्हटला. हेडमास्तर हातातल्या छडीनं ताल धरल्यासारखा डोलत होता. साहेब मुलींच्या बाकाकडे वळले तशी त्याची नजर तिच्यावर गेली. त्याचा चेहरा बघण्यासाठी मी सुरतेची नोकरी सोडली होती असं मला वाटलं.

"सर, धिस गर्ल इज डंब," तो घाईनं म्हणाला. मुकी आहे.

ती उठून उभी राहिली.

"नॉट डंब," ती म्हणाली.

आवाज बारीक होता. साहेब खाली वाकले. बाप काय करतो, इंग्रजीत विचारलं. "फादर शॉपकीपर." आणि आई? आता ती तार काढेल, असं मला अजूनही वाटत होतं.

"मदर डेड," ती म्हणाली, आणि तेवढ्यावर थांबली.

साहेबांनी हळू आवाजात विचारलं, मग तू बोलत का नाहीस? मी नजरेनं तिला माझं वाक्य आठवून देत होते. तिनं ते म्हटलं नाही. तिनं हेडमास्तरांकडे बोट केलं आणि स्वतःचं जुळवलं.

"सर सेज, माउथ डर्टी. गो, वॉटर. सो, नो स्पीक."

साहेबांना कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मी बोलले. इंग्रजीत, सलग, एकही चूक न करता. आधी तिची गोष्ट, मग माझी. कोणत्या शाळेत, कोणत्या वर्षी, कुणी, किती वेळा. हेडमास्तर माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या तोंडावर हळूहळू ओळख उमटत होती. ते बघायला मी पंधरा वर्षं थांबले होते. मी मुद्दाम सावकाश बोलले.

"हे खरं आहे का?" साहेबांनी मुलांना मराठीत विचारलं. कुणी हलेना. तेव्हा दारातला, या शाळेचा म्हातारा शिपाई म्हणाला, "खरं शे, साहेब. पाणी मीच ओतस." मग एक हात वर झाला, मग दुसरा, मग मागच्या बाकावरचे सगळे.

साहेबांनी शेरेबुकात अर्धं पान लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. पण शेठलोक धावपळ करू लागले, कारण ग्रँट लोंबकळत राहिली.

आठवड्यानं हेडमास्तर माझ्या घरी आला. मुलगी तारा वाचत होती, आई नागली निवडत होती. तो दारातच उभा राहिला. मी ये म्हटलं नाही. त्याच्या हातात एक कागद होता. मुलांना आरोग्याच्या दृष्टीनं चूळ भरायला लावली जाते, बाईंचा गैरसमज झाला, असा मजकूर. खाली माझी सही हवी होती. त्याचा आवाज बसला होता. "बाई, माझी नोकरी जाईल. मी काय, सगळ्यांनाच शुद्ध भाषा यावी म्हणून..."

मी कोकणीत उत्तर दिलं.

त्याला वाटलं, आईशी बोलते. थांबला. मी त्याच्याकडे बघून आणखी बोलले, सगळं कोकणीत. दीड वर्षाचं न बोललेलं होतं, त्यानंतरचं होतं. तू ओट्यावर माणसं उभी करतोस, आता तू उभा राहा. तुझी नोकरी जाऊ दे, तुझ्या तोंडात माती पडू दे, तुझ्या पोरांना कुणी परक्या मुलखात मुकं म्हणू दे. याहून वाईटही बोलले, ते लिहीत नाही. आईनं मान खाली घातली. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. तो हसायचा प्रयत्न करत होता, मग तोही सोडून दिला. शेवटी त्यानं त्या मुलीकडे बघितलं.

"काय म्हणतात बाई?"

मला ठाऊक नव्हतं की तिला कळतं. आईजवळ बसून बसून ती कोकणी शिकली होती, माझ्यापेक्षा हळुवार शब्द असलेली. तिनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मराठीत तिनं शाळेतही कधी तोंड उघडलं नव्हतं.

"बाई म्हणतात, नाही," ती म्हणाली.

कागद घडी करून तो निघून गेला.

मी तिच्यावर भडकले. "मी एवढं बोलले आणि तू एवढंच सांगितलंस?"

"टेलिग्राम," ती म्हणाली आणि पुढची तार उघडली.

आई जोरात हसली. मला हसू आलं नाही. माझा घास तिनं ताटातून उचलून नेला होता. दोन-तीन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. दहा वर्षांच्या मुलीशी. आज मला त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

परीक्षा झाल्यावर कमिटीनं त्याला मोकळं केलं. तो भुसावळच्या गाडीनं जाणार हे शिपायानं सांगितलं. त्या दिवशी मी मुलींचा तास सोडला, ठेवणीतली साडी नेसले आणि स्टेशनवर गेले. त्यानं मला बघावं, एवढ्यासाठीच. फलाटावर तो दिसेना. एका ट्रंकेजवळ एक लहानखुरी बाई उभी होती, बरोबर दोन मुलं. ती मला ओळखत नव्हती. तिला गावात कधी घराबाहेर बघितल्याचं आठवेना.

"बाई, जरा इथं उभ्या राहता का?" ती म्हणाली. "धाकट्याला पाणी पाजून आणते. हे तिकिटाला गेलेत. सामानाजवळ कुणी नाही."

मी काय म्हणणार? मी उभी राहिले. गळणाऱ्या लोणच्याच्या बरणीला फडकं गुंडाळलेलं होतं, ती कलंडत होती, तर मी ती पायानं सावरून धरली. हेडमास्तर तिकिटं घेऊन आला तेव्हा त्याला मी अशी दिसले, त्याच्या सामानाची राखण करताना. बायको परत आली, "फार उपकार झाले हो," म्हणाली. मी गाडी यायच्या आधीच निघाले.

नंतरचा हेडमास्तर भला होता. त्याच्याशी भांडायला मला काही सापडेना आणि याचाच मला राग यायचा. पुष्कळ वर्षं मी त्याच शाळेत काढली. मला कुणी कुणी विचारलं, झालं ते बरं वाटतं का? वाटतं. त्या माणसाची नोकरी गेली आणि मला बरं वाटलं. आणखी थोडी जायला हवी होती असंही वाटलं.

मुलगी पाच वर्षं माझ्याकडे शिकली. बाजारातल्या लोकांच्या तारा पुढे तीच वाचायची, दुकानात बापाशेजारी बसून. बाहेर कुणाला उभं ठेवायची नाही. मोलगीकडच्या डोंगरातला माणूस मोहाची पाटी उतरवायचा तेव्हा ती त्याच्याशी त्याच्याच बोलीत दोन शब्द बोलायची. ते शब्द ती कुठून शिकली, हे मला कळलं नाही. पंधराव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी ती घरी आली, आईच्या पाया पडली, तिच्या कानाशी लागून कोकणीत बराच वेळ काही बोलली. आई डोळे पुसत होती. मग माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, ती तारेविषयी बोलेल. मी मनात उत्तर जुळवत होते.

तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि इंग्रजीत, पूर्ण वाक्यात, एकही शब्द न गाळता विचारलं, मी नसताना दुकानातल्या तारा तुम्ही वाचून द्याल का?

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी रोज दुकानावरून जाऊ लागले.